आजीची चेक आणि वर्गातली चेक: ब्र्नोतल्या वर्षभराच्या भाषावर्गाबद्दल

आधी गुण सांगते, मग पुराण. पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार, ऑफिसला दीड, वसतिगृहाला तीन, आणि खानावळीला तुम्ही शाकाहारी आहात की नाही यावर.

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि ज्यांच्याबद्दल त्या आहेत ती माणसं तशी वाईट नव्हती. एवढं सांगते की चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नोमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी चेक भाषेचे वर्षभराचे तयारी वर्ग बऱ्याच ठिकाणी चालतात, त्यातलाच हा एक. सप्टेंबर 2023 ते जून 2024. आठवड्याला 25 तास, प्रत्येक तास 45 मिनिटांचा. फी साधारण नव्वद हजार कोरुना, तेव्हाच्या भावाने सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास. बाबांनी त्यासाठी एक मुदत ठेव मोडली.

एवढे पैसे नुसत्या भाषेवर का घालायचे, असं नाशकात सगळ्यांनी विचारलं. हिशेब सरळ आहे. चेक देशातल्या सरकारी विद्यापीठांत चेक भाषेतून शिकलात तर फी नाही. तुम्ही कुठल्या देशाचे आहात, याला महत्त्व नाही. अभ्यासक्रमाची ठरलेली वर्षं आणि वर एक वर्ष, तेवढ्यात पदवी घ्यायची. तोच विषय इंग्रजीतून घेतला की दर वर्षी पैसे मोजा. मला द्राक्षबागा आणि वाइन याच विषयात पुढे शिकायचं होतं आणि मेंडेल विद्यापीठाची उद्यानविद्येची शाखा ब्र्नोच्या दक्षिणेला लेद्नित्सेला आहे. म्हणजे एक वर्ष भाषेला दिलं की पुढची दोन वर्षं फुकट.

हे झालं बाबांना सांगितलेलं कारण. दुसरं कारण आमच्या स्वयंपाकघरात बसलेलं असतं, वय वर्षं 78.

माझी आजी ब्र्नोच्या लिशेन्य भागातली. झेटोरचा ट्रॅक्टर कारखाना तिथलाच. आजोबा 1967 मध्ये तिथे प्रशिक्षणाला गेले आणि ड्रॉइंग ऑफिसमध्ये नकाशे ट्रेस करणाऱ्या व्लास्ताला भेटले. ऑगस्ट 1968 मध्ये रशियाचे रणगाडे देशात शिरले. सीमा लगेच बंद झाल्या नाहीत, वर्षभर लोक बाहेर पडत होते. तीही त्यात पडली. नाशकात पुन्हा लग्न लागलं, ताटातल्या तांदळात आजोबांनी अंगठीने नाव लिहिलं आणि व्लास्ताची वसुधा कर्णिक झाली. आमचं घर सीकेपी, त्यामुळे मासळीवरून वाद झाला नाही. उलट नाताळच्या आदल्या रात्री माशाचा खवला ताटाखाली ठेवायचा आणि मग वर्षभर पाकिटात बाळगायचा, म्हणजे पैसा टिकतो, ही तिची रीत आत्यांनीही उचलली. दिवाळीच्या फराळात आमच्याकडे चकली आणि करंजीच्या मध्ये रोह्लीच्की असतात, दळलेल्या अक्रोडाच्या चंद्रकोरी, वर पिठीसाखर आणि व्हॅनिला. शेजारच्या काकूंना अजून वाटतं तो नानकटाईचाच एक प्रकार आहे.

तर मी आजीला 'बाबी' म्हणते, तिच्याशी चेक बोलते, आणि मला वाटत होतं की मला चेक येते.

पहिल्याच दिवशी पातळी ठरवायची परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत मी अशी काही सुटले की समोरच्या बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू माझ्या आईच्या मावशीसारखी बोलतेस." मी ट्रामला 'शालिना' म्हटलं होतं. ब्र्नोत अजूनही तेच म्हणतात, तो काही दोष नव्हता, पण माझे बाकीचे शब्द 1968 मध्ये विमानात बसले होते आणि नंतर घरी परतलेच नव्हते. त्यानंतर लेखी परीक्षा. त्यात श्रुतलेखन होतं, आणि तिथे माझी पूर्ण वाट लागली.

कारण सांगते, कारण अशी आजी असलेल्या कुणाही मराठी माणसाचं हेच होईल. लहानपणी मी आजीचे शब्द देवनागरीत लिहून घेतले होते. शंभर पानी वही, शाळेतल्यासारखं कव्हर घातलेली. आता चेकमध्ये 'इ'ची दोन अक्षरं आहेत. उच्चार एकच, लिहिताना वेगळी. 'बीत' हा शब्द एका 'इ'ने लिहिला तर 'असणे', दुसऱ्या 'इ'ने लिहिला तर 'मारणे'. देवनागरीत दोन्ही 'बीत'च. मी उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की मला द्राक्षतज्ज्ञ व्हायचं आहे, आणि बाईंनी वाचलं की मला द्राक्षतज्ज्ञाला मारायचं आहे. असे 60 पैकी 41 शब्द चुकले. मला अगदी सुरुवातीच्या गटात टाकलं.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. या वर्गात घरी भाषा ऐकून आलेल्यांसाठी जागाच नाही. एक तर तुम्हाला काहीच येत नाही, नाहीतर तुम्हाला लिहिता, वाचता, बोलता सगळं सारखंच येतं, एवढे दोनच प्रकार त्यांना ठाऊक. पहिले सहा आठवडे मी 'हे टेबल आहे, ही खुर्ची आहे' करत बसले, आणि मनात आजीच्या शेलक्या शिव्या आठवत होते. ऑक्टोबरच्या शेवटी बाईंनीच ऑफिसशी भांडून मला वरच्या गटात पाठवलं, आणि शुद्धलेखनाच्या तासाला मात्र खालीच ठेवलं. हा तोडगा उत्तम होता. पण तो बाईंचा होता, संस्थेचा नव्हे.

त्या बाईंबद्दल लिहायलाच हवं. चेकमध्ये शिक्षिकेला हाक मारताना 'पानी उचितेल्को' म्हणतात, आणि हाक मारतानाच शब्दाचा शेवट बदलतो. 'बाबिच्का' म्हणजे आजी, पण हाक मारायची ती 'बाबिच्को'. आमच्या वर्गातल्या चिनी मुलाला हे का करायचं ते समजेना. मला हसू आलं, हे तर संबोधन! पाचवीत घोकलेलं. चेक मुलंही विभक्त्या आपल्यासारख्या क्रमांकाने घोकतात, पहिली, दुसरी, तिसरी, अशा सात. फक्त क्रमांक वेगळे. त्यांची दुसरी म्हणजे आपली षष्ठी, तिसरी म्हणजे चतुर्थी, चौथी म्हणजे द्वितीया, पाचवी संबोधन, सहावी सप्तमी आणि सातवी तृतीया. पंचमी त्यांच्याकडे नाहीच. मी हा तक्ता करून भिंतीवर लावला आणि बाईंना दाखवला. त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मला फळ्याशी उभं करून वर्गाला समजावायला लावलं. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर विद्यार्थिनीकडून काही घ्यायची तयारी असलेला शिक्षक मिळाला तर फी वसूल झाली समजा.

मराठी माणसाला इथे आणखी दोन-तीन फायदे आहेत. नपुंसकलिंग आपल्याला नवीन नाही. 'चोर'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळा, हे आपल्या जिभेला माहीत आहे, आणि चेकमध्ये त्यासाठी चक्क दोन अक्षरं आहेत. पंचवीसला आजी 'पाच-नि-वीस' म्हणते, एक आधी आणि दशक नंतर. इंग्रजीतून विचार करणारे इथे दमतात, आपण पाढे म्हटलेली माणसं. उरतो तो त्यांचा प्रसिद्ध र, एकाच वेळी र आणि झ. तो मला आयता आला, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. वर्गातली कझाकस्तानची मुलगी आरशासमोर तासन्‌तास त्यावर मेहनत करायची आणि माझ्याकडे रागाने बघायची.

पण आजीने दिलेल्या भाषेत एक मोठं भोक होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला फक्त 'तू' येत होतं. चेकमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे, क्रियापदं वेगळी चालतात. आजीशी नातवंडं 'तू'नेच बोलतात, आणि दुसरं कुणी नाशकात चेक बोलायला नव्हतं. त्यामुळे मी पहिले पंधरा दिवस बाईंना, ऑफिसातल्या गृहस्थांना, वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला, बँकेतल्या मॅनेजरला सरसकट 'ए, तू सांग ना' अशा थाटात बोलत होते. कुणी काही बोललं नाही. पहारेकरी आजोबांनी तर त्या दिवसापासून मला रोज एक सफरचंद द्यायला सुरुवात केली. चोविसाव्या वर्षी अहो-जाहो शिकायला बसले.

आता ऑफिस. दीड गुण दिलेत ते एका कारकून मुलीसाठी, जी निदान दिलगिरी तरी व्यक्त करायची. माहितीपत्रकात 'प्रवेशाच्या कागदपत्रांना संपूर्ण मदत' असं छापलं आहे. पदवीला मान्यता मिळवण्याच्या प्रकाराला इथे 'नोस्त्रिफिकात्से' म्हणतात. त्यासाठी तुमची पदवी आणि गुणपत्रकं लागतात, त्यांवर ॲपोस्टीलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून आपल्या सरकारचा, शिक्का लागतो, आणि न्यायालयाची सनद असलेल्या दुभाष्याकडून चेक भाषांतर लागतं. ॲपोस्टील भारतातूनच करून आणा, तिथे गेल्यावर होत नाही. हे मला संस्थेने सांगितलं नाही, आमच्या कॉलेजातल्या एका सीनियरने सांगितलं. संस्थेने सांगितलं ते असं की अभ्यासक्रमाचा तपशील इंग्रजीत चालेल. चालला नाही. चार वर्षांच्या विषयांचा तपशील, 70 पानं, सगळा चेकमध्ये हवा होता. त्यात सहा आठवडे गेले आणि भाषांतराचे पैसे पानागणिक. वर एका कचेरीत माझ्या कॉलेजचा शिक्का चौकोनी आहे म्हणून शंका काढली. इथे गोल शिक्क्यावर लोकांची श्रद्धा आहे. आपण त्यांना हसू शकत नाही, आपणही त्याच पंथाचे.

एक गंमत मात्र झाली. कर्णिक हे आडनाव त्यांना चेकच वाटतं, कारण त्यांची कितीतरी आडनावं 'इक'ने संपतात. खिडकीतल्या बाईंनी मला न विचारता 'कर्णिकोवा' करून टाकलं. बायकांच्या आडनावाला 'ओवा' लावायची पद्धत आहे, 2022 पासून चेक बायकांना ते न लावण्याची मोकळीक मिळाली आहे. पासपोर्टवर कर्णिक आणि अर्जावर कर्णिकोवा, म्हणून तोही अर्ज परत. आजीला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की खोकला लागला. 55 वर्षं ती 'ओवा'शिवाय राहिली आणि मी आठवड्यात मिळवला.

चेक वंशाचं असण्याचा उपयोग काय, हे मला बरेच जण विचारतात. फीमध्ये शून्य, मी विचारून पाहिलं. नागरिकत्वाच्या बाबतीत मात्र आहे. चेक नागरिकत्वाच्या कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली, आणि नागरिकत्व गेलेल्या चेक किंवा चेकोस्लोव्हाक माणसांच्या मुलांबरोबर नातवंडांनाही नुसत्या घोषणेवर नागरिकत्व मागता येऊ लागलं. माझ्या खोलीच्या पलीकडे राहणाऱ्या टेक्सासच्या मुलाने ते घेतलं, आता त्याच्याकडे दोन पासपोर्ट आहेत. मला दोन ठेवता येत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं. आजीने त्या काळी उलट्या दिशेने हेच केलं होतं. मी विद्यार्थी व्हिसावर आहे आणि सध्या तशीच राहणार आहे.

शिवाय चेक सरकार बाहेरच्या चेक वंशाच्या लोकांसाठी शिष्यवृत्त्या देतं. उन्हाळ्यात चार आठवड्यांचा एक भाषावर्गही असतो, तो बरीच वर्षं दोब्रुश्का नावाच्या छोट्या गावात होत आला. अर्ज वकिलातीमार्फत जातो. मला हे कळलं डिसेंबरात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, आणि ते सांगणारा मुलगा होता रुमेनियाचा. डॅन्यूबच्या वरच्या डोंगरात बानात नावाच्या भागात चेक लोकांची गावं आहेत, त्यातल्या स्वाता हेलेनाचा. त्याचे पूर्वज 1820 च्या दशकात जंगलतोडीच्या कामाला म्हणून गेले आणि तिथेच राहिले. दोनशे वर्षं घरात चेक. त्याची चेक माझ्यापेक्षा शंभरपट चांगली, आणि तरी दुकानात लोक त्याला विचारायचे, "तुम्ही कुठून आलात?" त्याचे शब्द आणखीनच जुने. आम्ही दोघं एकमेकांशी बोलायला लागलो की कझाक मुलगी म्हणायची, "म्हाताऱ्यांनो, हळू." वर्ग निवडण्याआधी अशा कुणाशी तरी बोला. मी आधी त्या चार आठवड्यांना गेले असते तर पहिले सहा आठवडे टेबल-खुर्ची करावं लागलं नसतं.

शिकवण्याचा वेग हा दुसरा आक्षेप. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं युक्रेनची आणि रशियन बोलणारी. त्यांची भाषा चेकची चुलतबहीण, त्यामुळे नाताळपर्यंत ती वर्तमानपत्र वाचायला लागतात, आणि पुस्तक त्यांच्याच चालीने पुढे सरकतं. व्हिएतनामचा एक मुलगा आणि तो चिनी मुलगा फेब्रुवारीत गळाले. त्यांच्यासाठी वेगळा, सावकाश गट हवा होता. तुम्ही पूर्ण कोरी पाटी घेऊन जाणार असाल तर निघण्याआधी भारतातच निदान चार-पाच महिने शिकून जा. मराठीची मदत होते हे खरं, पण विभक्ती ओळखणं वेगळं आणि वाक्याच्या मध्यात, मागे माणसं उभी असताना, ती लावणं वेगळं.

वसतिगृह: दोघींची खोली, मजल्यावर एक स्वयंपाकघर, हीटर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थंडच. इथे घरात शिरताना बूट काढतात, त्यामुळे जीव रमतो. कुकर नेलात तर पहिल्या शिट्टीआधी शेजाऱ्यांना सांगा, माझ्या वेळी दोन जण जिन्यात धावले होते. खानावळीत दुपारी सूप आणि एक जेवण. मांसाहारी असाल तर मजा आहे, सायीच्या दाट रश्श्यातलं गोमांस आणि त्यासोबत क्नेदलीकी, म्हणजे उकडलेल्या पावाच्या चकत्या. गोमांस खात नसाल तर ताटात काय आहे ते विचारून घ्या, पाटीवर नुसतं 'मांस' लिहिलेलं असतं. शाकाहारी माणसाला तळलेलं चीज आणि बटाटे, मग तळलेलं चीज आणि भात, मग पुन्हा तळलेलं चीज. गुरुवारी आत आलूबुखार भरलेले गोड उंडे असायचे, वर खसखस किंवा ताजं चीज आणि वितळलेलं लोणी, आणि ते जेवण म्हणून. नाशकात आजी हे उंडे करवंदं घालून करायची. मला करवंदांचेच जास्त आवडतात, असं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

गाव म्हणून ब्र्नोला पैकीच्या पैकी. प्राहा, म्हणजे आपलं प्राग, सुंदर आहे, पण तिथे कुणी तुमच्याशी चेक बोलत नाही, लगेच इंग्रजीवर येतात. इथे झेल्नी त्र्खच्या भाजीबाजारात बायका धीराने तुमचं वाक्य संपेपर्यंत थांबतात. पेत्रोव टेकडीवरच्या देवळात बाराचे टोल अकरालाच पडतात. 1645 मध्ये स्वीडिश सेनापतीने म्हणे शपथ घेतली होती, दुपारपर्यंत शहर पडलं नाही तर वेढा उठवीन. गावकऱ्यांनी तासभर आधी घंटा वाजवून त्याला घरी पाठवलं. आमच्या घरी जेवण अकराला का असायचं, हे मला इथे आल्यावर कळलं. आजोबा म्हणायचे, तिचं घड्याळ बिघडलंय. मार्चमध्ये मी आठ नंबरच्या शालिनेने लिशेन्यला गेले. सगळीकडे सिमेंटच्या उंच चाळी, पण जुन्या लिशेन्यमध्ये तिची गल्ली आहे. घर दुसऱ्याचं. फोटो पाठवला, तिने विचारलं, "कोपऱ्यावर बेकरी आहे का?" नव्हती, तिथे आता नखं रंगवायचं दुकान आहे.

निकालाचं सांगायचं तर जूनमध्ये मी बी-दोन, म्हणजे युरोपातल्या सहापैकी चौथ्या पातळीची परीक्षा पास झाले, शुद्धलेखनात काठावर. सप्टेंबरपासून लेद्नित्सेला आहे. इथल्या वेली हिवाळाभर झोपतात, वर्षातून एकदाच छाटायच्या. आमच्याकडे एप्रिलला आणि ऑक्टोबरला अशा दोन छाटण्या असतात हे सांगितलं तर प्राध्यापकांनी आधी मला नीट क्रियापद निवडायला लावलं, त्यांना वाटलं मी चुकीचं बोलतेय. वसतिगृहाची अनामत रक्कम अजून परत आलेली नाही. मेलला उत्तर येतं, पैसे येत नाहीत.

नाताळच्या आधी आजीला पत्र लिहिलं. ईमेल नाही, कागदावर, चारही पानं चेकमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही 'इ' तपासून तपासून. पत्र निफाडच्या थंडीत पोचलं, तिचा आवडता ऋतू, आणि रात्री तिचा फोन आला. मला वाटलं रडते की काय. ती म्हणाली, चुका तीनच आहेत, तिसऱ्या पानावर. मग जरा थांबून म्हणाली, "पण सगळीकडे मला 'तुम्ही' का म्हटलं आहेस? मी काय कचेरी आहे?"